कोलंबाइन आणि तेरडा : एका भाषांतराच्या निमित्ताने

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'मधील चौथ्या अंकात भ्रमिष्ट झालेली ओफेलिया राजदरबारात फुले आणि पाने वाटते, हा प्रसंग इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. त्या फुलांत बडीशेपेच्या जोडीने कोलंबाइनचे नाव येते. वर्गात हा भाग शिकवताना आपण 'एक विलायती फूल, कृतघ्नपणाचे किंवा व्यभिचाराचे प्रतीक' अशी टीप सांगून पुढे सरकतो. आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने 'हॅम्लेट' मराठीत आणले ते १८८३ साली. तेव्हापासून हे नाटक मराठीत वाचणाऱ्या प्रत्येक पिढीपुढे एक साधा प्रश्न उभा आहे. जे फूल वाचकाने पाहिलेले नाही, पाहण्याची शक्यताही नाही, त्याचे भाषांतर कशाने करावे? हा प्रश्न कोशाने सुटत नाही. त्यासाठी फुलाची जोपासना, म्हणजे माणूस त्याच्याशी वर्षभर कसा वागतो, ते पाहावे लागते.

कोलंबाइनचे शास्त्रीय नाव ॲक्विलेजिया. इंग्रजी नावाच्या मुळाशी लॅटिनमधले कबूतर आहे: फूल उलटे धरले की पाच कबुतरे गोलाकार बसल्यासारखी दिसतात. शास्त्रीय नावाचा संबंध पुष्कळ जण गरुडाशी लावतात, कारण पाकळ्यांची मागची टोके नखांसारखी वळलेली असतात. एकाच फुलात एकाला कबूतर दिसले आणि दुसऱ्याला गरुड! त्याच टोकांत टीकाकारांना शिंगेही दिसली, आणि युरोपात शिंगे हे फसवल्या गेलेल्या नवऱ्याचे चिन्ह असल्याने व्यभिचाराचा अर्थ फुलाला चिकटला. खरे पाहता ती टोके म्हणजे मधाच्या पोकळ नळ्या आहेत.

या झाडाला थंडी हवी. त्याच्या बियांना बहुधा गारठ्याचा काळ मिळाल्याशिवाय त्या नीट उगवत नाहीत. माती ओलसर पण पाणी न साचणारी, ऊन निम्मेच, उन्हाळा सौम्य, अशी त्याची मागणी असते. रोप काही वर्षे टिकते आणि आपल्याच बिया आसपास सांडून ठेवते. मात्र दोन जाती शेजारी लावल्या की त्यांचा सहज संकर होतो आणि पुढची रोपे आईबापांच्या रंगाची निघतीलच असे नाही. आपल्या देशात ॲक्विलेजियाच्या जाती हिमालयात आढळतात. कोकणच्या उष्ण-दमट हवेत मात्र हे फूल रुजणे जवळजवळ अशक्य.

आता रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्यात येऊ. जोहे, हमरापूर ही गावे गणपतीच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहेत. मूर्तींचे काम तेथे जवळपास बारा महिने चालते: साचे, ओतकाम, वाळवण, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. भाद्रपदात त्या गणपतीच्या मागोमाग घरात गौरी येते. कोकणात अनेक घरांतली गौरी कोणत्याही कारखान्यात घडत नाही. ती बांधावर उगवते. तेरड्याची रोपे मुळासकट उपटून आणतात, त्यांची जुडी बांधतात आणि तीच गौर म्हणून पुजतात. मुळांना गौरीची पावले मानतात. एकाच सणातल्या दोन देवतांपैकी एकीमागे माणसाचे वर्षभराचे श्रम आहेत, तर दुसरीमागे फक्त पाऊस.

तेरडा, म्हणजे इम्पेशन्स बाल्समिना, कोलंबाइनचा नातेवाईक नाही. दोघांची कुळे वेगळी. पण कोलंबाइनला पाच मधुनळ्या, तर तेरड्यालाही एक आहे, फुलाच्या मागे बारीक शेपटीसारखी. 'इम्पेशन्स' म्हणजे उतावीळ. पिकलेल्या बोंडाला नुसता स्पर्श झाला की ते फुटते, त्याच्या पाकळ्या गुंडाळतात आणि बिया दूर उडतात. मृगाच्या पावसात उगवायचे, श्रावण-भाद्रपदात फुलायचे आणि पाऊस सरला की संपायचे, एवढेच त्याचे आयुष्य.

युरोपीय वनस्पतिशास्त्राने या फुलाची दखल फार पूर्वी घेतली. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'च्या बारा खंडांत तेरड्याच्या वर्गातील वनस्पती 'ओनापू' या शेपटाच्या मल्याळी नावांनी नोंदल्या आहेत. ओणमही याच दिवसांत येतो. आपल्याकडे पुण्याजवळ दापोडी येथे १८२८ मध्ये सरकारी वनस्पती उद्यान सुरू झाले. पुढे त्याचे अधीक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन यांनी निकोल डॅल्झेल यांच्यासह १८६१ मध्ये 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची मांडणी बोलकी आहे: मुख्य भागात रानातल्या वनस्पती आणि पुरवणीत बाहेरून आणलेल्या वा लागवडीतल्या. रान आणि बाग यांच्यामध्ये अशी रेघ ओढणे शास्त्राच्या सोयीचे होते. तेरड्याला ती रेघ मानवत नाही. दुहेरी पाकळ्यांचा तेरडा कुंडीत लावतात; एकेरी तेरडा कुणी न लावता बांधावर येतो. आणि पूजेला बसण्याचा मान या बांधावरच्या तेरड्याला मिळतो.

म्हणून 'तेरड्याची निगा कशी राखावी' या प्रश्नाचे उत्तर बागकामाच्या पुस्तकातले नाही. खत, छाटणी, आडोसा यांतले काही त्याला लागत नाही. लागते ते एवढेच, की सगळी रोपे उपटली जाऊ नयेत. मुळासकट काढलेल्या रोपाबरोबर त्याची न पिकलेली बोंडेही जातात. बांधावर काही झाडे राहिली, त्यांची बोंडे फुटली, तरच पुढच्या भाद्रपदात गौर येणार. ही निगा हात आखडण्याची आहे. आणि बांधच उरला नाही, त्यावर भराव पडला किंवा तणनाशक फवारले, तर हात आखडूनही उपयोग नाही. कासच्या पठारावरच्या तेरड्याच्या गालिच्यांना पाहायला लोक दुरून येतात. पश्चिम घाटाच्या २०१२ च्या जागतिक वारसा नोंदीत कासचा समावेश आहे. बांधावरच्या तेरड्याकडे मात्र वर्षातून एकदाच कुणी वाकून पाहते, तेही उपटण्यासाठी.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण येथे नव्याने वाचण्यासारखी आहे. टिकाऊ नसलेला उत्साह किंवा माया, असा तिचा रूढ अर्थ. पण बांधावर उभा असलेला तेरडा तीन दिवसांत संपत नाही. एक फूल गळते तोवर वरच्या पेरात दुसरे उमलते, आणि हे कित्येक आठवडे चालते. तीन दिवस टिकतो तो उपटलेला तेरडा. गौरीचे आवाहन, पूजन आणि विसर्जन यांनाही नेमके तीनच दिवस लागतात. म्हणीचा उगम गौरीतच आहे असा दावा मी करीत नाही. पण चंचलपणाचा आळ झाडावर येतो आणि उपटणारा हात मात्र म्हणीत कुठेच दिसत नाही, इतके तरी म्हणता येईल.

ओफेलियाकडे परत जाऊ. कोलंबाइनच्या जागी तेरडा ठेवला तर अर्थ बराचसा जुळतो: तेथे बेइमानी, येथे न टिकणारा रंग. दोन्ही ठिकाणी माणसाने आपला दोष फुलाच्या माथी मारला आहे. पण मराठी वाचकाच्या मनात तेरड्याबरोबर गौरही येईल, माहेरी आलेली आणि तिसऱ्या दिवशी पाण्यात सोडली जाणारी. अशा वेळी भाषांतर चुकले म्हणावे, की अधिक खोल गेले? ओफेलियाचा शेवटही फुलांसह पाण्यातच होतो. माझ्यापुरते सांगायचे तर मी मूळ नाव तसेच ठेवीन आणि टिपेत 'एक विलायती फूल' असे न लिहिता तेरड्याची ही हकिकत सांगेन. परके फूल समजण्यासाठी आपल्या बांधावरचे फूल आधी नीट पाहिलेले असावे लागते, आणि त्यासाठी ते तेथे शिल्लकही असावे लागते.