खुलेपणाचा हिशेब

लंडनच्या रॉबर्ट हूकने १६७६ साली आपल्या एका पुस्तकाच्या अखेरीस १४ लॅटिन अक्षरे वर्णक्रमाने छापली. त्यांतून वाचणाऱ्याला काहीही बोध होत नव्हता आणि हूकला नेमके तेच हवे होते. दोन वर्षांनी त्याने स्वतःच उलगडा केला: अक्षरे नीट जुळवली की स्प्रिंगचा ताण बलाच्या प्रमाणात वाढतो, असे वाक्य तयार होते. आज शाळेत शिकवला जाणारा हा नियम दोन वर्षे छापून जगापुढे पडलेला होता आणि तरी कुणाला ठाऊक नव्हता. यात हूक एकटाच विक्षिप्त होता असे नाही. गॅलिलिओने १६१० मध्ये शनीचे आपले निरीक्षण अशीच अक्षरांची उलटापालट करून केप्लरपर्यंत पोहोचवले. केप्लरने ती अक्षरे जुळवून मंगळाला दोन चंद्र आहेत असा भलताच अर्थ काढला. शनीभोवतीच्या कड्याचा शोध ह्युजेन्सने १६५६ मध्ये कोड्यात बंद केला आणि तीन वर्षांनी उघड केला. त्या काळच्या शहाण्या माणसांची ही रूढ रीत होती. इंटरनेटवरच्या सामाजिक साधनांनी विज्ञान आणि सार्वजनिक जीवन खुले केले असे आपण सहज म्हणतो. ते कसे घडले हे समजायचे तर आधी या रीतीमागचे कारण समजले पाहिजे.

माणसे ज्ञान दडवतात ती बहुधा हिशेबाने. शोध सांगितला तर दुसरा तो उचलणार, आणि पुढे ‘हे मला आधीच ठाऊक होते’ म्हणणार. सांगणाऱ्याच्या हाती काही उरणार नाही. इटलीत तार्ताल्याने घनसमीकरणे सोडवण्याची युक्ती १५३९ मध्ये कार्दानोला शपथ घालून सांगितली. ती तशीच सोडवण्याची रीत देल फेर्रो नावाच्या गणित्याला त्याच्याही आधी सापडली होती, हे त्याच्या कागदांतून कळल्यावर कार्दानोने १५४५ मध्ये ती ग्रंथात छापली आणि तार्ताल्या आयुष्यभर कडवटपणे भांडत राहिला. कोडे हा यावरचा तोडगा होता: शोध गुप्त राही आणि तो आपल्याकडे कधीपासून होता याचा पुरावाही तयार होई. माझे म्हणणे असे, की ज्या साधनांनी हा हिशेब उलटवला, म्हणजे सांगण्यातच सांगणाऱ्याचा लाभ ठेवला, त्यांनीच खुलेपणा आणला. जिथे हिशेब बदलला नाही तिथे साधन कितीही वेगवान आले तरी दार बंदच राहिले; ते उघडायला दुसरी कसली तरी सक्ती लागली.

पहिला मोठा बदल टपालाने आणि छापखान्याने केला. लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग युरोपभरच्या अभ्यासकांशी अखंड पत्रव्यवहार करी. १६६७ मध्ये त्यापायी त्याला काही काळ टॉवर ऑफ लंडनच्या तुरुंगातही बसावे लागले. त्याने मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, आणि आलेल्या पत्रांतले शोध नाव व तारखेसह छापले जाऊ लागले. सर्वांदेखत नोंदलेली तारीख कोड्यापेक्षा भक्कम पुरावा ठरली. अर्थात रीत एका दिवसात मोडली नाही. खुद्द ओल्डेनबर्गच्या हातून १६७६ मध्ये लायब्नित्सला गेलेल्या पत्रात न्यूटनने आपल्या कलनशास्त्राचे सार अक्षरांच्या कोड्यातच घातले. लायब्नित्सने १६८४ मध्ये आपली पद्धत सरळ छापून टाकली. मग आधी कोण, यावरून वाद इतका चिघळला, की १७१२ मध्ये रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली आणि तिचा अहवाल पडद्याआडून न्यूटननेच लिहिला. दडवून ठेवण्याची किंमत आता सांगून टाकण्याच्या किमतीपेक्षा जास्त झाली होती, आणि पुढच्या पिढ्यांनी तो धडा घेतला.

ही व्यवस्था तीनशे वर्षे चालली. पण तिचा वेग कमी होता आणि तिच्या आत आणखी एक बंद वर्तुळ तयार झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भौतिकशास्त्रातला लेख नियतकालिकात छापून यायला महिनोन्‌महिने लागत, म्हणून लेखक त्याच्या प्रती काढून आधीच ओळखीच्या संस्थांना टपालाने धाडत. ज्या विभागाचे नाव त्या यादीत, त्याला ताजे विज्ञान कळे. बाकीचे मागे राहत. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्सपार्गने अमेरिकेतल्या लॉस अ‍ॅलामॉसच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर ई-मेलने चालणारा साठा उभा केला. लेख पाठवला की तो नोंदला जाई आणि मागेल त्याला मिळे. आज ‘अर्काइव्ह’ या नावाने चालणाऱ्या या साठ्यात २०२२ साल उजाडेपर्यंत सुमारे २० लाख लेख जमले होते. त्याचा अर्थ काय, हे मुंबईतल्या एका उदाहरणावरून दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणाऱ्या अशोक सेन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये स्ट्रिंग सिद्धान्तातील द्वैताविषयीचा आपला लेख या साठ्यात ठेवला. कुलाब्यात लिहिलेला हा लेख प्रिन्स्टनच्या लोकांनी ओळखीच्या यादीची वाट न पाहता वाचला, आणि त्या क्षेत्राची दिशा बदलणाऱ्या कामांत तो गणला गेला. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमनचे उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे. पॉइन्कारे अनुमानाची सिद्धता त्याने २००२ आणि २००३ मध्ये फक्त इथे ठेवली, कुठल्याही नियतकालिकाकडे धाडली नाही. तरी जगभरच्या गणितज्ञांनी ती तपासून मान्य केली आणि त्याला २००६ चे फील्ड्स पदक जाहीर झाले, जे त्याने नाकारले. साठ्यातली तारीख श्रेयाला पुरेशी ठरली होती.

जीवशास्त्रात असे लगेच घडले नाही. भौतिकशास्त्रज्ञ स्वभावाने उदार आणि जीवशास्त्रज्ञ कंजूष, असा निष्कर्ष यातून काढणे सोपे आहे, पण चुकीचे. इंटरनेट दोघांकडेही होते. हिशेब मात्र वेगळा होता. जीवशास्त्रात पेटंट होते, औषधांचा बाजार होता, आणि जनुकांचा क्रम आधी हाती असणे हीच स्पर्धेतली ताकद होती. म्हणून मानवी जीनोमच्या प्रकल्पात खुलेपणा आपोआप आला नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडात जमलेल्या शास्त्रज्ञांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी नियम ठरवला, की वाचलेला क्रम शक्यतो २४ तासांत सर्वांसाठी खुला करायचा. निधीच नियमाशी बांधला गेला, त्यामुळे दडवणाऱ्याचा तोटा होऊ लागला. जीवशास्त्राचा ‘बायोअर्काइव्ह’ हा लेखसाठा तर २०१३ मध्ये, म्हणजे भौतिकशास्त्राच्या २२ वर्षांनंतर सुरू झाला.

तयार शोध उघड करणे एक आणि अर्धवट विचार उघड करणे वेगळे. ते जमेल का, हे २००९ मध्ये केंब्रिजच्या टिमोथी गॉवर्स या गणितज्ञाने करून पाहिले. एक अवघड प्रश्न त्याने आपल्या ब्लॉगवर मांडला आणि कुणीही, कितीही कच्ची कल्पना लिहावी असे आवाहन केले. टेरेन्स टाओसारखे नामवंत आले आणि शाळेत गणित शिकवणारेही आले. सुमारे सहा आठवड्यांत प्रश्न जवळजवळ सुटल्याचे गॉवर्सने जाहीर केले, आणि लेखावर सर्वांचे मिळून ‘पॉलिमॅथ’ हे एकच नाव छापले गेले. २०१३ मध्ये यितांग झांगने अशी मूळ संख्यांची जोडपी अनंत असल्याचे सिद्ध केले, ज्यांच्यातले अंतर सात कोटींहून कमी आहे. तेव्हा अशाच खुल्या चर्चेने ती मर्यादा काही महिन्यांत ४,६८० वर आणली, आणि पुढे जेम्स मेनार्डच्या पद्धतीची जोड मिळून ती २४६ झाली. वरवर पाहता इथे श्रेय विरघळून गेले. वास्तवात प्रत्येक सूचना नाव आणि वेळेसह तिथेच राहिली; कुणी काय, कधी म्हटले हे आजही वाचता येते. ओल्डेनबर्गच्या नोंदवहीचे काम आता त्या पानानेच केले, फक्त ते एकेका ओळीपर्यंत पोहोचले.

सार्वजनिक जीवनात हिशेब याच्या अगदी उलट आहे. शास्त्रज्ञाला शोध सांगून नाव मिळते. सरकारी कार्यालयाला मजुरांचा हजेरीपट दाखवून मिळाला तर जाबच मिळतो. त्यामुळे तिथे साधनाआधी संघर्ष लागला. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावी पहिली जनसुनावणी घेतली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले गेले, आणि कागदावरची मजुरी व हातात पडलेली मजुरी यांतला फरक लोकांनीच सांगितला. कागद मिळावेत म्हणून १९९६ मध्ये ब्यावरला ४० दिवस धरणे धरावे लागले. गोवा आणि तमिळनाडूने १९९७ मध्ये माहितीचे कायदे केले. महाराष्ट्राचा २००० चा कायदा दुबळा ठरला आणि अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर नवा आला. ऑक्टोबर २००५ मध्ये केंद्रीय कायदा लागू झाला, आणि त्याच्या चौथ्या कलमाने कुणी न मागताही माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य घातले. त्या पायावर संकेतस्थळे उभी राहिली. राजस्थानचे २०१९ मधील जन सूचना पोर्टल जनसुनावणीतल्या वाचनाचेच रूप आहे. पाया काढला तर काय होते, तेही दिसू लागले आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीची सवलत रुंद केली. साधने त्याच काळात अधिक चांगली झाली आहेत, पण मजुराचे नाव ‘वैयक्तिक’ ठरवून हजेरीपट नाकारला गेला तर पोर्टल कशाचे वाचन करणार?

या खुलेपणावर पहिला आक्षेप घेतला जातो तो चुकीच्या माहितीचा. न तपासलेले संशोधन मोकळे सोडले तर अफवांना शास्त्राचे नाव मिळते. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतल्या एका गटाने नव्या कोरोना विषाणूत एचआयव्हीशी साम्य असलेले तुकडे सापडल्याचा लेख बायोअर्काइव्हवर ठेवला. तो जगभर पसरला आणि विषाणू मानवनिर्मित असल्याच्या कुजबुजीला खतपाणी मिळाले. आक्षेप खरा आहे. पण तज्ज्ञांनी जाहीरपणे दोष दाखवताच तो लेख दोन दिवसांत मागे घेतला गेला, हेही त्याच घटनेत आहे. बंद परीक्षणातून गेलेला, लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा ‘लॅन्सेट’चा १९९८ मधला लेख मागे घ्यायला १२ वर्षे लागली. २०२० मध्ये त्याच नियतकालिकाने छापलेला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लेख मात्र शास्त्रज्ञांच्या खुल्या पत्रानंतर दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. चूक दोन्हीकडे होते. खुल्या जागेत ती लवकर सापडते. मात्र मागे घेतलेला लेख वाचकाच्या डोक्यातून मागे घेता येत नाही. सामान्य वाचकासमोर येणाऱ्या वैद्यकीय लेखावर ‘अद्याप तपासलेला नाही’ हे ठळकपणे लिहिणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: खुलेपणा बलवानांना परवडतो. फील्ड्स पदक मिळालेला गॉवर्स कच्ची कल्पना चारचौघांत मांडू शकतो. नोकरीच्या शोधातला तरुण संशोधक ती मांडून बसला आणि मोठ्या प्रयोगशाळेने ती पुरी केली तर? सार्वजनिक जीवनात तर जोखीम जिवाची आहे. माहितीच्या अधिकारातून जमिनींचे गैरव्यवहार उघड करणारे तळेगाव दाभाडे येथील सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. शिवाय ज्या व्यासपीठांवर हा संवाद चालतो त्यांपैकी अनेक खासगी मालकीची आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये आपली माहिती संशोधकांना मोफत देणे थांबवले तेव्हा सार्वजनिक चर्चेचा अभ्यासच महाग झाला. या आक्षेपांनी माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याला बळ येते. दुर्बळाला खुलेपणात तोटा होतो, कारण त्याच्या बाजूचा हिशेब अजून कुणी बदललेला नाही. टिप्पणी, प्रयोगाची माहिती, सामायिक आज्ञावली यांना नेमणूक व बढतीत मोल नसेल, तर तरुणाने हूकसारखे गप्प बसण्यात शहाणपणच आहे.

म्हणून एखाद्या नव्या साधनाने समाज खुला होईल असे कुणी म्हटले, की त्याच्या वेगाआधी त्याचा हिशेब तपासावा: सांगणाऱ्याच्या नावे तारीख पडते का, त्या तारखेला पुढे किंमत मिळते का, आणि न सांगणाऱ्याला कुणापुढे उत्तर द्यावे लागते का. गिन्सपार्गचा संगणक पहिल्या दोन प्रश्नांना उतरला, कारण भौतिकशास्त्राने ती किंमत द्यायचे मान्य केले. हजेरीपट तिसऱ्या प्रश्नामुळेच उघडले गेले. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे विद्यापीठांच्या नेमणूक समित्यांच्या हाती आहेत आणि तिसऱ्याचे उत्तर विधिमंडळांच्या. ही उत्तरे कोणत्याही कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार होणार नाहीत.