सरकारी नाव

चंद्रपूरच्या ह्या उन्हात नावेविषयी बोलायला उभा राहिलेला माणूस थोडा विनोदी दिसतो, हे आम्ही जाणून आहोत. इरईचे पात्र ज्या दिवसांत डोळ्यांना वाळूच दाखवते, त्या दिवसांत वल्ही आणि सुकाणू यांच्या गोष्टी कुणी ऐकाव्या? पण आणखी थोड्या दिवसांनी मृग लागेल. मग ह्याच दोन जिल्ह्यांत कितीतरी गावे अशी आहेत की ज्यांच्या चारी बाजूंनी पाणी भरते. समुद्र आमच्यापासून शेकडो मैल दूर. परंतु बेटे आमच्याकडे दरसाल तयार होतात आणि दरसाल नाहीशी होतात. म्हणून नाव कुणाची असावी, हा प्रश्न कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाइतकाच आमचाही आहे.

आमचे शाळेचे शिक्षण सातवीला थांबले. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाने आणि कामगारांच्या तक्रारींच्या कागदांनी केले. तेव्हा हा इतिहास पंडिताचा नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तेंदूपत्ता मजुरांच्या एका सभेसाठी आम्ही वैनगंगेच्या एका घाटावर उभे होतो. पाऊस होता. नावेत माणसे, दोन सायकली, एक शेळी आणि एका बाळंतिणीची खाट. पैसे ठेकेदाराचा माणूस काठावर बसून घेत होता. पावती मागितली तर हसत होता. पलीकडे उतरताना आम्ही ढिवर नावाड्याला सहज विचारले, "नाव तुमची काय?" तो म्हणाला, "नाव ठेकेदाराची, घाट सरकारचा, आन् बुडली त आमची." आम्ही संघटनेच्या कामात पुष्कळ भाषणे ऐकली आणि दिली. परंतु मालकी, महसूल आणि जोखीम ह्यांची वाटणी इतक्या थोड्या शब्दांत मांडलेली आम्ही दुसरीकडे ऐकली नाही.

त्या नावाड्याचे वाक्य इतके खरे का होते, ते १८७८ च्या कायद्यात सापडते. उत्तर हिंदुस्थानातील नावघाटांसाठी केलेला तो कायदा मध्यप्रांतालाही, म्हणजे आमच्या जुन्या चांदा जिल्ह्यालाही लागू होता. सरकारने एखादा घाट सार्वजनिक ठरवला की त्याच्या दोन मैलांच्या आत दुसऱ्या कुणी परवानगीवाचून नाव चालवायची नाही. उताराच्या पैशांचा ठेका जाहीर लिलावाने द्यायचा. दराची पाटी लोकांच्या भाषेत घाटावर लावायची. पाटीचे कलम वाचून आम्हांस बरे वाटले. कायदा करणाऱ्याच्या मनात उतारू अगदीच नव्हता असे म्हणता येत नाही. परंतु सगळी व्यवस्था पाहिली तर ध्यानात येते की सरकारने नदी आपल्याकडे घेतली, तिचे उत्पन्न घेतले, आणि नाव मात्र दुसऱ्याच्या गळ्यात बांधली. पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यावर डोंगा चालवणारा ढिवर एका कलमाने ठेकेदाराचा मजूर झाला. लिलावात जो जास्त बोलेल त्याचा घाट. तो जास्तीचा पैसा मग निघायचा कुठून? उतारूच्या कनवटीतून, नाही तर नावेच्या न केलेल्या दुरुस्तीतून.

सरकारने आमच्या नद्यांवर कधी पैसा घातलाच नाही, असे मात्र नाही. एकदा घातला होता आणि तो हात सैल सोडून घातला होता. गोदावरीच्या मुखाजवळ धवळेश्वरमचे धरण बांधणारे सर आर्थर कॉटन ह्यांचे स्वप्न असे होते की समुद्रापासून गोदावरीने वर यावे, प्राणहितेत शिरावे, वर्धेने पुढे जावे आणि हिंगणघाटच्या बाजूचा कापूस बोटींनी थेट पूर्वकिनाऱ्यास न्यावा. वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे होते : पहिला दुम्मगुडेम येथे, दुसरा सिरोंच्याच्या खाली एंचमपल्ली येथे, तिसरा प्राणहितेवर देवलमरी येथे. ते ओलांडण्यासाठी बंधारे, बाजूने कालवे आणि बोट वरखाली करणाऱ्या पाणकोठड्या बांधायच्या होत्या. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांस आमच्या नद्यांविषयी एकाएकी फार ममत्व वाटू लागले. हेग नावाच्या लष्करी इंजिनिअरच्या देखरेखीखाली काम चालले. सिरोंच्याला तो काळ अजून ठाऊक आहे. 

पुढे काय झाले? जंगलातला ताप होता, मजूर टिकत नव्हते, उन्हाळ्यात नदी बोटीपुरतेही पाणी ठेवत नव्हती. तरीही काम रेटले गेले असते, असे आम्हांस वाटते. परंतु १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, आणि १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपूरला पोचली. कापसाला दुसरा रस्ता मिळाला. १८७१ मध्ये लक्षावधी रुपये पाण्यात घालून काम बंद करण्यात आले. दुम्मगुडेमचा बंधारा अजून उभा आहे. ह्या सगळ्या प्रकरणात गोदावरीच्या ह्या काठावरून त्या काठाला जाणाऱ्या माणसाचा विचार कुठेही केंद्रस्थानी नव्हता. नदीच्या लांबीवर लक्षावधी, रुंदीवर लिलाव! काम बंद पडल्यानंतर सातच वर्षांनी तो घाटांचा कायदा आला, हा योगायोग असेल. पण आम्हांस तो विसरता येत नाही.

आता समुद्राकडे जाऊ; कारण नाव खाजगी हातात ठेवण्याची किंमत तिथे एका सकाळीत मोजली गेली. कोकणचा चाकरमानी मुंबईच्या गिरणीत आला तो बहुतेक आगबोटीने. ह्या बोटी कंपन्यांच्या होत्या. १९२७ च्या नोव्हेंबरातल्या वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' ह्या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला नव्हता तेव्हा, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेतच खवळलेल्या समुद्रात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. किनाऱ्याला बातमी पोचली ती पोहून आलेल्या माणसांकडून. पुढे १९७० नंतरच्या दशकात ही कोकणची वाहतूक सरकारी मालकीच्या मोगल लाइनकडे आली. पण ती व्यवस्थाही टिकली नाही. रस्ते झाले, एस.टी. झाली, आणि तोट्याची बोट बंद करणे सोपे गेले.

ह्या पार्श्वभूमीवर गोव्याची गोष्ट पाहण्यासारखी आहे. कामगारांच्या एका अधिवेशनासाठी आम्ही तिकडे गेलो होतो. दुपारची सभा लांबली तेव्हा जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जाऊन समोरच्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत चढलो. सवयीने खिशात हात घातला, तर खलाशाने मान हलवली. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही! आम्ही तेवढ्याचसाठी तीनदा मांडवी ओलांडली. चौथ्यांदा खलाशाने आमच्याकडे संशयाने पाहिले, तेव्हा उतरलो.

ही बोट गोवा सरकारच्या नदी परिवहन खात्याची. खात्याचे ठाणे पणजीसमोर बेतीला आहे. दिवाडी, चोडण ही मांडवीतली बेटे ह्या बोटींनी जमिनीला जोडलेली आहेत. शाळेची पोरे, मासळीच्या टोपल्या, स्कूटरी, भाजीवाल्या, मोटारी, सगळे एका सपाट लोखंडी तराफ्यावर. चालक आणि खलाशी सरकारी नोकर. बुडाली तर त्यांचीच, असे त्यांना म्हणावे लागत नाही. दिवाडीची आणखी एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ ह्याच बेटावर होते. पोर्तुगीजांनी ते मोडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. तेव्हा ह्या बेटावरून देवालाही नावेनेच जावे लागले.

पूल झाला की नाव संपली, असे म्हणणाऱ्यांसाठी गोव्यानेच एक उत्तर ठेवले आहे. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० साली झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. नवा पूल वाहतुकीस खुला होईपर्यंत १९९२ साल उजाडले. मधली सहा वर्षे नदीच्या दोन्ही तीरांचे दळणवळण पुष्कळसे फेरीबोटींनीच सांभाळले. खाते आधीच मोडून टाकले असते, बोटी भंगारात काढल्या असत्या आणि खलाशांना घरी पाठवले असते, तर त्या जुलैत काय झाले असते?

हिशेबनीस म्हणतील की खाते तोट्यात चालते. चालतच असणार, तिकिटाशिवाय चालणारी बोट दुसरे काय करील? पण चंद्रपूर-मूल रस्ता नफ्यात चालतो का, हे आम्ही कुणाला विचारत नाही. रस्ता हा रस्ता असतो. स्कॉटलंडमध्ये कॅलेडोनियन मॅकब्रेन नावाची सरकारी मालकीची बोट कंपनी आहे. पश्चिमेकडची बेटे ती मुख्य भूमीला जोडते. १९७३ साली तिला हे रूप आले. तेथे २००८ पासून भाड्याचे एक नवे सूत्र आणले गेले : तेवढेच अंतर जमिनीवर मोटारीने कापायला जो खर्च येईल, त्याच्या आधारे बोटीचे भाडे ठरवायचे. म्हणजे पाणी हा रस्ताच मानायचा. आम्हांला हे सूत्र कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा मोठे वाटते. अर्थात सरकारी म्हटले की सगळे सुतासारखे सरळ, असा आमचा भाबडा समज नाही. त्याच बेटांसाठी २०१५ मध्ये मागवलेली एक बोट प्रवासी घेऊन निघाली ती २०२५ च्या जानेवारीत, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पट झाला. मधल्या काळात बेटावरची माणसे धक्क्यावर उभी राहून सरकारला शिव्या देत होती. पण त्यांना शिव्या कुणाला द्यायच्या हे ठाऊक होते, शिव्या देण्याचा हक्कही होता. आमच्या घाटावर तो हक्कसुद्धा लिलावात गेलेला असतो.

इकडे आपल्याकडे पूल झाले, होत आहेत, आणि त्याचा आम्हांस आनंदच आहे. सिरोंच्याजवळ गोदावरीवरचा मोठा पूल २०१६ मध्ये खुला झाला, आणि कालेश्वरला जायला नावेची वाट पाहणे संपले. परंतु पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती जिथे भेटतात त्या भामरागडचा संपर्क कितीदा पुराने तुटला, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पूर आला की सरकारची मोटरबोट येते. ती मदत म्हणून येते आणि पूर ओसरला की जाते. आतल्या ओढ्यानाल्यांवर आणि लहान नद्यांवर पावसाळाभर माणूस दवाखान्याला जातो तो लाकडी डोंग्यातून, नाही तर खाटेवरून. त्या डोंग्याला ना खाते, ना पगार, ना विमा.

वैनगंगेच्या त्या घाटाजवळही पुढे पूल झाला. नावाडी वारला. त्याचा मुलगा आमच्या संघटनेचा सभासद आहे. एका कोळसाखाणीत कंत्राटी कामगार म्हणून लागला आहे. गेल्या वर्षी त्याचा थकलेला पगार मिळवून देण्यासाठी आम्ही कागद तयार करीत होतो, तेव्हा त्याच्या बापाचे घाटावरचे ते वाक्य त्याला सांगितले. ते त्याला पाठ होते. फक्त 'नाव' ह्या शब्दाच्या जागी तो 'खाण' म्हणत होता.