शिवडीचा शेव्हर्ले

शिवडी म्हटलं की आता फ्लेमिंगो आठवतात, मोटारी नाहीत. पण देशात मोटारी जुळवण्याचा पहिला कारखाना जनरल मोटर्सने १९२८ साली इथेच सुरू केला. सुटे भाग बोटीने बंदरात उतरत आणि शेव्हर्लेच्या मोटारी, ट्रक जोडून बाहेर पडत.

स्वातंत्र्यानंतर नुसती जुळवणी सरकारला पुरेना. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने भाग इथेच बनवण्याचा आग्रह धरला. पुढच्याच वर्षी कारखाना बंद. धोरण बरोबरच होतं, शिवडीला मात्र महागात पडलं.

शिवडीत जुळवलेला जुना ट्रक आज घरी दुरुस्तीला घेणाऱ्यांनी रंगाआधी केबिन तपासावी. तीसच्या दशकाच्या सुरुवातीच्या शेव्हर्लेत पत्र्याआड लाकडी सांगाडा असे. मुंबईच्या दमट हवेत तो आतून कुजतो. अशा वेळी गॅरेजवाल्याआधी सुतार गाठावा.