जर्मन बीअर-घराणी, अमेरिकेतील (एकोणिसावे शतक)

जर्मन भाषक प्रदेशांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत स्थलांतर करून तेथे बीअरचे कारखाने काढणारी व ते दोन-तीन किंवा त्याहून अधिक पिढ्या घरातच राखणारी कुटुंबे. बेस्ट, पाब्स्ट, शेफर, ईलाइन, अॅनहायझर, बुश, लेम्प, ब्लॅट्झ, श्ट्रो, कूर्स, यिंगलिंग ही त्यांतील ठळक नावे. यांचा इतिहास सहसा उद्योगी भावांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. कारखाना सुरू करताना भाऊ एकत्र आले हे खरे. परंतु तो एका पिढीकडून दुसरीकडे गेला, तेव्हा मालकीचा धागा कितीदा तरी मुलीच्या, बहिणीच्या किंवा विधवेच्या हातून गेलेला दिसतो. या नोंदीत घराण्यांचा विचार त्या अंगाने केला आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात सुमारे ५० लाख जर्मन अमेरिकेत आले. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यात व नैर्ऋत्य जर्मनीत वडिलार्जित जमीन सर्व मुलांत वाटण्याची रीत होती. त्यामुळे वाटणीगणिक शेताचे तुकडे होत गेले आणि धाकट्यांच्या वाट्याला पोट भरण्याइतकेही काही उरेना. १८४०च्या दशकात बटाटा व धान्याची पिके बुडाली. १८४८ची क्रांती फसल्यावर राजकीय मतांपायी देश सोडणाऱ्यांची त्यात भर पडली. जाणे बहुधा टप्प्याटप्प्याने होई. एक भाऊ आधी जाई, नोकरी धरी, पत्रे लिही. मग दुसरा भाऊ, आईवडील, भाचे असे एकेक जण त्याच गावी पोचत. पुढे कारखाना उभा राहिला तो याच नात्यांच्या भांडवलावर. परक्या देशात बँका ओळख नसलेल्याला सहज कर्ज देत नव्हत्या आणि बीअर तयार होऊन विकली जाईपर्यंत महिनोन्‌महिने पैसा अडकून पडे. घरच्या माणसांनी मजुरी न मागता काम करणे ही त्या काळात मोठीच पुंजी होती.

लागर बीअर : जर्मन येण्यापूर्वी अमेरिकेत इंग्रजी वळणाची एल आणि पोर्टर ही पेये प्रचलित होती. त्यांचे यीस्ट उबदार हवेत काम करते व आंबवण चालू असताना वर तरंगते. बव्हेरियन पद्धतीच्या लागर बीअरचे यीस्ट तळाशी बसते, साधारण ७ ते १३ अंश सेल्सिअसला सावकाश काम करते आणि त्यानंतर बीअर गोठणबिंदूच्या आसपासच्या थंडाव्यात कित्येक आठवडे मुरू द्यावी लागते. या पेयाची चव सौम्य आणि त्यातले मद्यार्काचे प्रमाण बेताचे असे. जॉन वॅग्नर या बव्हेरियन कारागिराने १८४०च्या सुमारास फिलाडेल्फियात लागरचे यीस्ट आणल्याचे मानले जाते.

थंडावा हीच लागरची खरी अडचण होती. यंत्राने गारवा निर्माण करण्याची सोय होण्याआधी हिवाळ्यात सरोवरांवरचा बर्फ करवतीने कापून भुसभुशीत लाकडी भुशात साठवावा लागे. सेंट लुइसमध्ये जमिनीखाली नैसर्गिक गुहा होत्या. अॅडम लेम्प याने त्यांचा बीअर मुरवण्यासाठी उपयोग केला. मिलवॉकीला मिशिगन सरोवराचा शेजार, भोवती बर्फ देणारी सरोवरे, विस्कॉन्सिनची बार्ली व हॉप्स, पिंपांसाठी लाकूड आणि गिऱ्हाईक म्हणून जर्मन वस्ती असे सारेच अनुकूल होते. ते शहर पुढे या धंद्याची राजधानी झाले.

शेफर बंधू : वेट्झलार गावचा फ्रेडरिक शेफर १८३८ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि सेबास्टियन सॉमर्स याच्या लहानशा कारखान्यात कामाला लागला. पुढच्या वर्षी त्याचा भाऊ मॅक्सिमिलियन आला तो लागरची कृती सोबत घेऊन. १८४२ मध्ये दोघांनी मालकाचाच कारखाना विकत घेतला. त्यांचा नंतरचा कारखाना मॅनहॅटनमधील पार्क अॅव्हेन्यूवर होता. शहर वाढत गेले तशी ती जागा सोन्याच्या मोलाची झाली, आणि विसाव्या शतकात कारखाना ब्रुकलिनला हलला. पार्क अॅव्हेन्यूवरील त्या जागी आज सेंट बार्थोलोम्यूचे चर्च आहे.

बेस्ट व पाब्स्ट : या सर्वांत बोलके उदाहरण बेस्ट घराण्याचे. ऱ्हाइन-हेसमधील मेटेनहाइम गावी जेकब बेस्टचा बीअर बनवण्याचाच धंदा होता. काही मुले आधीच अमेरिकेत आली होती. तो १८४४ मध्ये मिलवॉकीला पोचला आणि जेकब (धाकटा), चार्ल्स, फिलिप व लोरेन्झ या चौघांसह त्याने चेस्टनट स्ट्रीटच्या चढावर कारखाना थाटला. आरंभी एल, पोर्टर, व्हिनेगर आणि व्हिस्कीही तेथे तयार होई. लागर थोड्या वर्षांनी आली. उत्पादन वर्षाला काहीशे पिंपांपलीकडे नव्हते.

चार भाऊ एका छताखाली फार काळ टिकले नाहीत. चार्ल्स लवकरच बाहेर पडला आणि १८५०च्या सुमारास लोरेन्झला घेऊन त्याने मेनोमनी खोऱ्यात प्लँक रोडवर दुसरा कारखाना काढला. तो चालला नाही. १८५५ मध्ये वुर्टेम्बर्गमधील रीडलिंगनहून आलेल्या फ्रेडरिक मिलरने तो घेतला. त्यातूनच पुढची मिलर कंपनी वाढली. म्हणजे अमेरिकेतल्या दोन अवाढव्य बीअर कंपन्यांचे मूळ एकाच बापाच्या चार मुलांच्या वेगळे होण्यात आहे. वडिलांनी १८५३ मध्ये निवृत्ती घेतली. पुढे जेकबचाही हिस्सा घेऊन फिलिप एकटा मालक झाला.

फिलिपच्या दोन मुलींची लग्ने कारखान्याच्या दृष्टीने निर्णायक ठरली. मारियाने १८६२ मध्ये फ्रेडरिक पाब्स्टशी लग्न केले. थुरिंजियातून लहानपणी आलेला पाब्स्ट मिशिगन सरोवरावरील वाफेच्या जहाजाचा कप्तान होता. बीअरच्या धंद्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. १८६३च्या डिसेंबरात त्याचे 'सी बर्ड' हे जहाज वादळात किनाऱ्याला लागून फुटले आणि पुढल्या वर्षी तो सासऱ्यांचा भागीदार झाला. दुसरी मुलगी लिझेट हिचा पती एमिल शांडाइन याने १८६६ मध्ये फिलिपचा उरलेला हिस्सा घेतला. फिलिप १८६९ मध्ये जर्मनीत वारला. त्यानंतर दोन साडूंनी मिळून तो कारखाना १८७४ पर्यंत देशातला सर्वांत मोठा केला. शांडाइनच्या मृत्यूनंतर (१८८८) त्याचा हिस्सा लिझेटकडे आला. १८८९ मध्ये भागधारकांनी कंपनीला पाब्स्ट हे नाव दिले, आणि बेस्ट हे नाव पाटीवरून गेले. मारिया आणि लिझेट या दोघी बहिणी नसत्या, तर ही कंपनी फिलिपबरोबरच संपली असती असे मानण्यास जागा आहे. तरीही जुन्या कंपनी-चरित्रांत त्यांची ओळख बहुधा फक्त 'कप्तानांच्या पत्नी' आणि 'शांडाइन यांच्या पत्नी' एवढीच आढळते.

१८९३ मध्ये पाब्स्टने वर्षाला दहा लाख पिंपांचा टप्पा ओलांडला. (अमेरिकन बीअरचे पिंप ३१ गॅलनचे, म्हणजे सुमारे ११७ लिटरचे.) कप्तानाने कायद्याकडेही लक्ष दिले. करवसुलीच्या नियमानुसार बीअर आधी पिंपात भरून त्यावर शिक्का लावावा लागे आणि मग पिंपे रस्ता ओलांडून वेगळ्या इमारतीत नेऊन बाटल्या भराव्या लागत. १८९०च्या कायद्याने नळाने बीअर थेट बाटल्या भरण्याच्या इमारतीत नेण्याची मुभा मिळाली. बाटलीबंद बीअरचा प्रसार वाढण्यास या बारीकशा दुरुस्तीने मोठा हातभार लागला. १८९७ मध्ये पाब्स्टचा मुलगा गुस्ताव्ह याचा विवाह सेंट लुइसच्या विल्यम लेम्पची मुलगी हिल्डा हिच्याशी झाला आणि दोन शहरांतली प्रतिस्पर्धी घराणी सोयरी झाली.

श्लिट्झ व ईलाइन : मिलवॉकीत ऑगस्ट क्रूग याने १८४९ मध्ये छोटा कारखाना काढला. तो १८५६ मध्ये वारला. त्याचा हिशेबनीस जोसेफ श्लिट्झ याने काम सांभाळले आणि १८५८ मध्ये क्रूगची विधवा ॲना मारिया हिच्याशी लग्न केले. १८७१च्या आगीत शिकागो भस्मसात झाल्यावर श्लिट्झची बीअर तेथे मोठ्या प्रमाणावर गेली. मिलवॉकीबाहेरची त्याची बाजारपेठ तेथून पसरली. १८७५ मध्ये श्लिट्झ जर्मनीला निघाला असता त्याचे 'शिलर' जहाज सिली बेटांजवळ खडकांवर आदळले आणि तो बुडाला. कारभार क्रूगच्या भाच्यांकडे आला. वेर्टहाइमहून आलेले ऑगस्ट, हेन्री, एडवर्ड व आल्फ्रेड हे ईलाइन बंधू मामाच्या कारखान्यात कामाला होतेच. त्यांनी श्लिट्झ हे नाव कायम ठेवले. एडवर्डने शिकागोची शाखा सांभाळली. कोपऱ्याकोपऱ्यावर कंपनीच्या मालकीची पेयगृहे बांधली गेली. पृथ्वीगोलाचे चिन्ह असलेल्या त्यांतल्या काही इमारती अजून उभ्या आहेत. १९०२ च्या सुमारास श्लिट्झने पाब्स्टला मागे टाकले.

अॅनहायझर व बुश : सेंट लुइसमध्ये साबण बनवणाऱ्या एबरहार्ड अॅनहायझरने १८६० मध्ये कर्जात बुडालेला 'बव्हेरियन' नावाचा बीअर कारखाना ताब्यात घेतला. माइंझजवळच्या कास्टेलमधील बुश कुटुंबातील अडॉल्फस (१८३९–१९१३) हा २२ मुलांपैकी २१वा. बीअर-कारखान्यांना लागणारा माल पुरवणे हा त्याचा व्यवसाय. ७ मार्च १८६१ रोजी अडॉल्फस आणि त्याचा भाऊ उलरिख यांनी अॅनहायझरच्या लिली आणि ॲना या मुलींशी एकाच समारंभात लग्न केले. भाऊ साडूही झाले. अडॉल्फस कारखान्यात शिरला. १८७०च्या दशकात त्याने बाटल्यांतील बीअर पाश्चरीकरणाने टिकाऊ केली, बर्फाने गार ठेवलेल्या रेल्वे-डब्यांतून ती दक्षिणेकडील उष्ण राज्यांत पाठवली आणि १८७६ मध्ये मित्र कार्ल कॉनराड याच्यासाठी 'बडवायझर' ही बीअर बनवण्यास सुरुवात केली. अमेरिकन सहा-ओळी बार्लीत प्रथिने जास्त असल्याने बीअर गढूळ होई. त्यावर तांदूळ किंवा मका मिसळण्याचा तोडगा निघाला. स्वस्त म्हणून भेसळ केली, हा समज त्या काळापुरता तरी अन्यायाचा आहे. कंपनीचे नाव १८७९ मध्ये अॅनहायझर-बुश झाले.

इतर घराण्यांपैकी पेनसिल्व्हेनियातील पॉट्सव्हिलचे यिंगलिंग सर्वांत जुने (१८२९). व्हॅलेंटाइन ब्लॅट्झने मिलवॉकीत मालक जॉन ब्राउन वारल्यावर १८५१ मध्ये त्याच्या विधवेशी लग्न केले आणि त्याचा स्वतःचा व तिचा असे दोन कारखाने एक झाले. डेट्रॉइटचा बर्नहार्ड श्ट्रो (१८५०) आणि कोलोरॅडोतील गोल्डनचा अॅडॉल्फ कूर्स (१८७३) हेही याच लाटेतले.

समाज व राजकारण : जर्मन रविवारी बायकामुलांसह बागेत बसून, बँड ऐकत बीअर पीत. प्यूरिटन वळणाच्या अमेरिकन लोकांना हा शब्बाथचा भंग वाटे. १८५५ मध्ये शिकागोचे महापौर लीव्हाय बून यांनी परवाना शुल्क ५० डॉलरवरून ३०० डॉलरवर नेले आणि रविवारची बंदी कडक केली; २१ एप्रिलला जर्मन वस्तीतला जमाव रस्त्यावर उतरला आणि त्याची पोलिसांशी चकमक झाली. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये दर पिंपामागे एक डॉलर कर बसला, तेव्हा उत्पादकांनी देशव्यापी संघटना स्थापली. तिचे कामकाज सुरुवातीची बरीच वर्षे जर्मनमध्येच चाले.

घराण्यांच्या या कथेत कामगार हरवू नयेत. मालक आणि मजूर एकाच भाषेचे, अनेकदा एकाच प्रांतातले असत. तरी पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणे, कारखान्याजवळच्या खानावळीत राहणे आणि मजुरीचा भाग म्हणून मिळणारी फुकट बीअर हीच बहुतेकांची स्थिती होती. १८८६ मध्ये बीअर-कामगारांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे मुखपत्रही जर्मनमध्ये निघे. मिलवॉकीत त्याच वर्षी आठ तासांच्या दिवसासाठी संप झाला.

नंतरचा काळ : १८७३ मध्ये देशात ४,१३१ बीअर कारखाने होते. शीतयंत्रे, रेल्वे व बाटल्या यांनी मोठ्यांना आणखी मोठे केले आणि १९१० पर्यंत कारखान्यांची संख्या दीड हजारांच्या आसपास उतरली, उत्पादन मात्र अनेक पटींनी वाढले. पहिल्या महायुद्धात जर्मन नावांविरुद्ध रोष उसळला. १९१८ मध्ये जर्मनीहून परतलेल्या वृद्ध लिली बुशची की वेस्ट बंदरावर मानहानिकारक झडती झाली. १९२० मध्ये संपूर्ण दारूबंदी आली आणि १९३३ पर्यंत टिकली. पाब्स्टने चीज, श्ट्रोने आइस्क्रीम, अॅनहायझर-बुशने यीस्ट विकून दिवस काढले. लेम्पचा कारखाना उठला तो कायमचाच.

उरलेल्यांपैकी यिंगलिंग अजून त्याच घराण्याकडे आहे. मिनेसोटातील न्यू उल्मचा ऑगस्ट शेल १८९१ मध्ये वारल्यावर पत्नी टेरेसा मालक झाली आणि १९११ मध्ये कारभार जावई जॉर्ज मार्टी याच्याकडे गेला. मार्टी कुटुंब तो कारखाना आजही चालवते. श्लिट्झ १९८२ मध्ये श्ट्रोने विकत घेतली आणि श्ट्रोही शतकाअखेर मोडली. अॅनहायझर-बुश २००८ मध्ये बेल्जियन-ब्राझीलियन इनबेव्हने ५२ अब्ज डॉलरला घेतली. पाब्स्टचा मिलवॉकीतील कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. ती बीअर आता इतरांच्या कारखान्यांत तयार होते, आणि कप्तानाने १८९२ मध्ये पूर्ण केलेला वाडा संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला आहे.