बागेतलं कारंजं, हिवताप आणि मासे

बागेतल्या छोट्या हौदात मासे कशाला सोडतात, असं विचारलं तर आपण म्हणू, शोभेसाठी. मुंबईपुरतं तरी हे उत्तर अपुरं आहे. इथे त्या माशांना कामाला लावलं गेलं. का, ते समजायला आधी विहिरींकडे जावं लागतं.

१८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. मग प्रश्नच बदलला. डास नेमका कुठल्या पाण्यात वाढतो, ते शोधायचं. मुंबईचं उत्तर डॉ. बेंटली यांच्या १९११ च्या अहवालात आहे. इथला मुख्य गुन्हेगार अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. याला गटार नको, दलदल नको. थांबलेलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी हवं. म्हणजे घरची विहीर, पाण्याची टाकी, आणि बंद पडलेलं कारंजंसुद्धा. ज्या पाण्याचा घरमालकाला अभिमान, तेच पाणी संशयित!

पालिकेने विहिरी बुजवा, झाका म्हटलं आणि वाद पेटला. हिंदू काय, पारशी काय, अनेक घरांत विहीर ही पूजेची जागा होती. पालिकेचे सचिव रुस्तम मसानी यांनी या श्रद्धा टिपून घेतल्या आणि १९१८ मध्ये विहिरींच्या लोकसमजुतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. नोटिसा काढणाऱ्या कचेरीतल्या माणसाने असं पुस्तक लिहावं, हे मला फार आवडतं.

पाणी उघडं ठेवायचं असेल तर त्यातली अळी कुणीतरी खायला हवी. १९१२ मध्येच सेवेल आणि चौधरी यांनी अळ्या खाणाऱ्या भारतीय माशांवर पुस्तिका काढली होती. त्यात आपल्या ओढ्यांतले, डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेले छोटे मासेही येतात. ही अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून श्वास घेते. या माशांचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं. जेवण अगदी ताटात वाढलेलं!

तरी बाजी मारली परदेशी माशांनी. दक्षिण अमेरिकेकडचा गप्पी विसाव्या शतकाच्या आरंभी आला, गॅम्बुसिया १९२८ मध्ये इटलीहून. दोघेही अंडी न घालता थेट पिल्लं देतात, त्यामुळे सिमेंटच्या हौदातही वंश चालतो. सरकारी खात्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? पण हेच मासे ओढ्यात, तळ्यात पोचले की तिथल्या माशांची आणि बेडकांची पिल्लं खातात. गॅम्बुसियाबद्दल तर जगभर तक्रार आहे. आपल्याकडे अजूनही तो उघड्या पाण्यात सोडला जातो, हे मला चुकीचं वाटतं. हौद भरून वाहत असेल आणि ते पाणी नाल्याला मिळत असेल, तर गप्पीसुद्धा सोडू नये.

आणि एक. मासे सोडले की काम संपलं, असं होत नाही बरं का. कडेला शेवाळ माजलं, कमळाची पानं दाटली, की मासा आत शिरू शकत नाही आणि अळी तिथेच वाढते. नळाचं क्लोरीनचं पाणी एकदम ओतलं की मासे मरतात. खंड्या पक्षी येऊन टिपतो ते वेगळंच. मे महिन्यात घरचे गावी गेले, पाणी आटून तळाशी वीतभर उरलं, मासे गेले. मग पहिला पाऊस पडतो आणि हौद पुन्हा भरतो. आता त्यात मासे नाहीत, आणि आठवड्याभरात अळ्या दिसायला लागतात.