सांभाळणारे आणि हक्कदार

दुसऱ्यांसाठी एखादी ठेव सांभाळणाऱ्याने ती कोणाला पाहू द्यावी आणि तिचा जाब कोणाला द्यावा, हा प्रश्न ग्रंथभांडारांना जसा लागू पडतो तसाच भागधारकांच्या पैशावर चालणाऱ्या उद्योगालाही लागू पडतो. सोलापूरच्या इतिहासात तो या दोन्ही रूपांत उपस्थित झालेला आढळतो.

पहिले रूप जैन ग्रंथांशी निगडित आहे. दिगंबर परंपरेत सर्वोच्च मानल्या गेलेल्या षट्खंडागमाची आणि त्यावरील वीरसेनाचार्यांच्या ‘धवला’ टीकेची जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रे दक्षिण कर्नाटकातील मूडबिद्री येथील बसदीत, म्हणजे जैन मंदिरात, शतकानुशतके जपली गेली होती. मात्र यात्रेकरूंना ती केवळ दर्शनासाठी दाखवली जात असल्याने ग्रंथ सुरक्षित असूनही अभ्यासकांच्या दृष्टीने नसल्यासारखाच होता. 1880 च्या दशकात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे व्यापारी शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी ताडपत्रे जीर्ण होण्यापूर्वी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून खटपट सुरू केली. हिराचंद हे त्याच दशकात ‘जैन बोधक’ हे मराठी मासिक सोलापुरातून सुरू करणारे सुधारक होते, आणि छापखान्यात धर्मग्रंथांची विटंबना होते असे मानणाऱ्या सनातनी मंडळींचा छपाईला विरोध असण्याचा तो काळ होता.

वर्गणी जमवून 1896 मध्ये नकलांचे काम सुरू झाले आणि ते सुमारे पाव शतक चालले. तथापि, मूडबिद्रीचे भट्टारक (मठाधिपती) आणि पंच या नकला बाहेर जाऊ देण्यास राजी नव्हते, कारण ग्रंथ अन्यत्र मिळू लागल्यास क्षेत्राचे महत्त्व घटेल अशी त्यांची धारणा होती. अखेर नकलकारांपैकी गजपती उपाध्याय यांनी पत्नीच्या साहाय्याने गुप्तपणे उतरवून घेतलेली प्रत उत्तरेत सहारनपूरला पोहोचली, तिच्यावरून इतर प्रती झाल्या आणि त्यांच्या आधारे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड 1939 मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. पुढे या खंडांच्या सुधारित आवृत्त्या काढण्याचे काम सोलापूरच्याच जैन संस्कृती संरक्षक संघाने केले.

दुसरे रूप ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीत दिसते. त्या काळी बहुतेक गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंट, म्हणजे कराराने व्यवस्थापन हाती घेऊन मोबदला मिळवणारी पेढी, पाहत असे. त्यामुळे भांडवल अनेकांचे असले तरी निर्णय आणि हिशेब मोजक्यांच्या हाती राहत. 1949 मध्ये ही गिरणी बंद पडून हजारो कामगार बेकार झाले, तेव्हा गैरव्यवस्थापनाचे कारण देऊन केंद्र सरकारने जानेवारी 1950 मध्ये अध्यादेश काढला, जुने संचालक मंडळ दूर केले आणि स्वतःचे संचालक नेमले. एका भागधारकाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1950 मध्ये बहुमताने फेटाळली. परंतु 1953 मधील दुसऱ्या खटल्यात, मोबदला न देता मालमत्ता हिरावून घेणारा म्हणून तो अध्यादेश आणि त्याच्या जागी आलेला कायदा घटनाबाह्य ठरला. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीने मर्यादित मुदतीसाठी व्यवस्थापन ताब्यात घेण्याची तरतूद केली, 1956 च्या कंपनी कायद्याने मॅनेजिंग एजंटांवर निर्बंध घातले आणि 1970 मध्ये ती पद्धतच रद्द झाली.

या दोन्ही प्रकरणांत सांभाळणाऱ्यांच्या निष्ठेत मोठा फरक होता, कारण मूडबिद्रीच्या रक्षकांनी ठेव प्राणपणाने जपली, तर गिरणीच्या चालकांवर ती बुडवल्याचा ठपका आला. तरीही बंद दार उघडण्याचा मार्ग दोन्हीकडे सरळ नव्हता: एकीकडे नकलकाराला विश्वासभंग करावा लागला, तर दुसरीकडे सरकारला भागधारकांचा संचालक निवडण्याचा अधिकारच गोठवावा लागला. म्हणून ग्रंथांच्या बाबतीत 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाचे आणि उद्योगांच्या बाबतीत कंपनी कायद्याचे महत्त्व एकाच कारणाने जाणवते. सांभाळणारा भला की बुरा यावर हक्कदाराला अवलंबून राहावे लागू नये, यासाठी जाब देण्याचे नियम आधीच लिहून ठेवावे लागतात.