भांडाराच्या उंबरठ्यावर : वैज्ञानिक सॉफ्टवेअर दाखल करण्याच्या प्रथेचा इतिहास

वैज्ञानिक गणनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम त्याच्या कर्त्याकडून इतर संशोधकांच्या हाती कसा जावा आणि घेणाऱ्याने त्यावर कितपत विसंबावे, हे दोन प्रश्न संगणकाच्या इतिहासात जवळजवळ एकाच वेळी उपस्थित झाले. आज एखादे नवे पॅकेज, म्हणजे कोड, त्याची माहितीपत्रके, नमुन्याची उदाहरणे आणि परवाना यांची एकत्र बांधलेली जुडी, मुक्तस्रोत भांडारात दाखल करताना कर्त्याला ज्या तपासण्यांतून जावे लागते, त्या वरवर पाहता निव्वळ तांत्रिक सोपस्कार वाटतात. परंतु त्यांच्यामागे छापील नियतकालिकांच्या संपादनपरंपरेपासून चालत आलेला, आणि वाटेत आपले स्वरूप पुष्कळ बदललेला, असा एक दीर्घ व्यवहार आहे.

फेब्रुवारी १९६० मध्ये असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या अमेरिकी संस्थेच्या मासिकाने अल्गोरिदमांसाठी स्वतंत्र सदर सुरू केले. अल्गोरिदम म्हणजे गणित सोडवण्याची पायरीपायरीने मांडलेली रीत; ती अल्गोल या भाषेत लिहून, क्रमांक देऊन छापली जात असे आणि ज्याला तिचा उपयोग करायचा असेल त्याने ती आपल्या यंत्रावर स्वतः उतरवून घ्यावी, अशी अपेक्षा होती. या सदरातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पुढील अंकांमधून येणारी प्रमाणपत्रे होत : कोणीतरी दुसरा वाचक तो अल्गोरिदम प्रत्यक्ष चालवून पाही, कोणत्या यंत्रावर तो चालला, कोठे अडला, कोणती दुरुस्ती करावी लागली हे लिहून कळवी, आणि ती टिपणे त्याच क्रमांकाखाली छापली जात. कर्त्याच्या शब्दाला परक्या माणसाच्या अनुभवाची जोड मिळावी, ही कल्पना येथे प्रथमच नियमित रूप घेताना दिसते. तथापि, छपाईच्या संथ गतीमुळे चूक आणि तिची दुरुस्ती यांच्यामध्ये महिनोन्‌महिने जात, हेही खरे.

ही गती पालटली ती नेटलिबमुळे. जॅक डोंगारा आणि एरिक ग्रोस यांनी १९८५ मध्ये सुरू केलेल्या या सेवेकडे संशोधकाने ईमेलने एका ओळीची विनंती धाडली की हव्या त्या गणिती प्रोग्रॅमचा कोड उलट टपाली येई, आणि लिनपॅक, आइसपॅक यांसारखे रेषीय बीजगणितातील नावाजलेले संग्रह तिच्याद्वारे जगभर पोहोचले. भांडारात काय ठेवावे याची निवड जाणकार माणसे करीत असल्यामुळे त्यातील मालाचा दर्जा उत्तम होता. परंतु विनामूल्य वस्तूला हमी नसते, असेही नेटलिब आपल्या ग्राहकांना स्पष्ट बजावीत असे. प्रोग्रॅम स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाला सारखीच लागू होईल अशी लेखी कसोटी तेथे नव्हती आणि त्या आकाराच्या भांडाराला तिची तितकी गरजही नव्हती.

ती गरज निर्माण झाली सांख्यिकीच्या क्षेत्रात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी रचलेली ‘आर’ ही भाषा १९९५ मध्ये मुक्त परवान्याखाली खुली झाली, आणि तिच्यात भर घालणारे सांख्यिकीतज्ज्ञ निरनिराळ्या देशांत विखुरलेले असल्यामुळे त्यांचे काम एका जागी आणणे अपरिहार्य झाले. एप्रिल १९९७ मध्ये व्हिएन्ना येथील तंत्रविद्यापीठातून कुर्ट हॉर्निक आणि फ्रिड्रिख लाइश यांनी ‘क्रॅन’ हे भांडार सुरू केले. त्याचे नाव आणि रचना या दोन्हींवर टेक् ही अक्षरजुळणीची प्रणाली व पर्ल ही भाषा यांच्या अनुक्रमे सीटॅन आणि सीपॅन या भांडारांची छाप होती. आरंभी त्यात १२ पॅकेजे आणि ३ मिरर, म्हणजे त्याच मालाच्या अन्यत्र ठेवलेल्या हुबेहूब प्रती, एवढाच संसार होता. कर्त्याने आपली जुडी एफटीपीने, म्हणजे फाइली धाडण्याच्या तेव्हाच्या रूढ पद्धतीने, आवक-कप्प्यात ठेवायची आणि ती पोहोचल्याचे ईमेलने कळवायचे, एवढ्यावर दाखल करण्याचा विधी पुरा होई. जानेवारी २०१७ मध्ये या भांडारातील पॅकेजांची संख्या १०,००० च्या पुढे गेली.

संख्येच्या या वाढीला आधार दिला तो ‘चेक’ या तपासणी-प्रोग्रॅमने. तो खुद्द आर भाषेबरोबरच येत असल्यामुळे परीक्षकाच्या हातातील मोजपट्टी कर्त्याच्या हातीही आधीपासून असते, आणि या व्यवस्थेतील न्याय्यता मुख्यतः येथेच आहे. पॅकेज बसवता येते का, त्याच्या वर्णनपत्रात कर्ता, देखभाल करणारा, परवाना आणि लागणारी इतर पॅकेजे यांच्या नोंदी आहेत का, हे तर तो पाहतोच. शिवाय माहितीपत्रकात दिलेले प्रत्येक उदाहरण तो प्रत्यक्ष चालवतो, आणि माहितीपत्रक एखाद्या फलनाला दोन निविष्टी लागतात असे सांगत असताना कोडमध्ये तीन असल्या तर तेवढ्यावरूनही इशारा देतो. प्रोग्रॅम चालतो पण त्याचे वर्णन जुने राहिले, हा वैज्ञानिक सॉफ्टवेअरचा सर्वांत जुनाट आजार असल्यामुळे वर्णनालाच परीक्षेस बसवण्याची ही युक्ती फार दूरदृष्टीची ठरली. निष्कर्ष तीन श्रेणींत येतात : चूक, इशारा आणि टीप. पहिल्या दोन राहून चालत नाहीत; तिसरीची मात्र गंमत अशी की पॅकेज कितीही निर्दोष असले तरी ते नवे आहे एवढीच टीप त्याला हटकून मिळते, आणि त्या टिपेमुळे ते एखाद्या माणसाच्या नजरेखालून गेल्यावाचून आत येत नाही.

ही माणसे थोडी आहेत, स्वेच्छेने काम करतात, आणि त्यांची उत्तरे त्रोटक असतात. त्यामुळे काही कर्ते दुखावले आणि काहींनी ही वाटच सोडली. नियम तरीही समजण्यासारखे आहेत. उदाहरणे काही सेकंदांत आटोपावीत, कारण ती हजारो पॅकेजांसाठी पुनःपुन्हा चालवली जातात. वापरणाऱ्याच्या संमतीवाचून त्याच्या संगणकावर काही लिहून ठेवू नये. आणि पॅकेजची जबाबदारी ईमेलच्या एखाद्या सामायिक पत्त्यावर न टाकता एका नामनिर्दिष्ट व्यक्तीने घ्यावी. या व्यक्तीला मेंटेनर म्हणतात. आपल्या पॅकेजमध्ये तिने असा बदल केला की त्यावर विसंबलेली इतरांची पॅकेजे अडतील, तर त्यांच्या मेंटेनरांना किमान दोन आठवडे आधी कळवणे अपेक्षित असते. साऱ्या नियमावलीत हे कलम सर्वांत मोलाचे मानावे लागेल. १९६० च्या प्रमाणपत्रांना प्रोग्रॅम आज बरोबर आहे की नाही एवढेच सांगता येत होते, आणि या कलमाने कर्त्याला आपल्या अपरिचित शेजाऱ्यांशी कायमचे बांधून घेतले.

इतरत्र व्यवस्था निराळी घडली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेज बांधणारा बहुधा मूळ कर्ता नसतो. आपण अमुक सॉफ्टवेअर बांधू इच्छितो अशी जाहीर नोंद तो प्रथम करतो, आणि नव्या आवकेच्या रांगेत परवान्याची कसून छाननी होते. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत महासंगणकांसाठी घडलेला स्पॅक हा पॅकेज मॅनेजर, म्हणजे पॅकेज त्याच्या अवलंबित्वांसह बसवणारा प्रोग्रॅम, आणि कोंडा-फोर्ज हे स्वयंसेवकांनी चालवलेले भांडार, या दोन्ही ठिकाणी सॉफ्टवेअरऐवजी त्याची कृती दाखल होते : मूळ कोड कोठून घ्यावा, कशाच्या आधारे कंपाइल करावा, काय आधी बसवावे, याची छोटी फाइल. ती उघड्यावर वाचली जाते आणि कोणीही तिच्यावर शेरा देऊ शकतो. २०१६ मध्ये निघालेल्या ‘जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर’ने हीच उघड छाननी नियतकालिकात आणली, आणि पॅकेज बसवून, चालवून पाहणारा परीक्षक जवळपास सहा दशकांनी पुन्हा छापील परंपरेच्या कक्षेत आला.

क्रॅनमध्ये मेंटेनरकडे पाठवलेली पत्रे परत येऊ लागली किंवा त्यानेच जबाबदारी सोडली, तर त्याच्या नावाच्या जागी पॅकेज ‘अनाथ’ असल्याची नोंद होते. तपासणीतील दोष मुदतीत दूर न झाल्यास ते चालू भांडारातून काढून जतनकप्प्यात ठेवले जाते, जेथे त्याच्या सर्व जुन्या आवृत्त्या सांभाळलेल्या असतात. त्याची गरज असलेल्या कोणालाही त्याचे पालकत्व घेऊन ते पुन्हा सादर करता येते. त्या वेळी तपासणी पहिल्या पायरीपासून होते, आणि अनेक वर्षे वापरात असलेल्या त्या पॅकेजला नव्याने दाखल झाल्याची टीप मिळते. तिच्याखाली ते कोणत्या दिवशी आणि कशामुळे बाहेर गेले होते, ते लिहिलेले असते.